खालच्या रांगा

“सभासद कोण?” कॉफी बागायतदारांच्या संस्थेच्या दारात बसलेल्या कारकुनाने वहीतून मान वर न काढता विचारलं.

“माझे दीर.”

“मग त्यांना पाठवा.”

“येतायत ते. गाडी रस्त्यात आहे त्यांची. तोवर मी बसते आत. रोपं मीच लावलीत, मीच बघते त्यांच्याकडे.”

“बाई, खुर्च्या मोजून मांडल्यात. चहासुद्धा मोजूनच येणार आहे.” कारकून स्वतःच्याच विनोदावर हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

थोरली बाजूला झाली, पण परत फिरली नाही. कॉफीची बाग तशीच टाकून, दीड तास डोंगर उतरून ती आली होती. सभागृहाच्या बाजूला खिडक्या होत्या. तिसऱ्या खिडकीशी उभं राहिलं की आतलं सगळं दिसत होतं. फळ्याच्या वर कापडी फलक होता : ‘नव्या रोपांचा पहिला उन्हाळा’. फलकाखाली शिकवणारी एक बाई होती, चष्मा लावलेली, तिशीतली. समोर चाळीस-पन्नास पुरुष. त्यातल्या निम्म्यांच्या बागा त्यांच्या बायकाच सांभाळतात हे थोरलीला ठाऊक होतं, कारण त्या बायका तिला रोज उतारावर भेटत.

बाईंनी बोलायला सुरुवात केली आणि थोरलीने कान टवकारले. इतक्यात आतून कुणीतरी ओरडलं, “उजेड फार आहे, पडद्यावर काही दिसत नाही!” कारकून उठला आणि एकेक करत खिडक्या लावत आला. तिसऱ्या खिडकीशी तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, “बाजूला व्हा, बोट सापडेल,” आणि ती खिडकीही त्याने लावून टाकली.

बंद खिडकीला कान लावून ती उभी राहिली. पंख्याच्या घरघरीतून ‘तांबेरा’ एवढा एक शब्द तिला कळला. बाकी सगळी नुसती कुजबुज.

दीर आला तो धापा टाकतच. दरीतल्या रस्त्यावर त्याची मिनीबस चालायची. खांद्यावरचा टॉवेल झटकत तो म्हणाला, “वहिनी, तू कशाला आलीस एवढ्या लांब? मी आहे ना!”

“भाऊजी, सगळं नीट ऐका. ते काय चित्रंबित्रं दाखवतायत, ती लक्षात ठेवा. शेवटी काही कागद देतील तर घ्या.”

“अगं हो, हो. मी काय लहान आहे का?”

तो आत गेला. थोरली डोंगर चढू लागली. तोडणी संपत आली होती, अंगणात कॉफी वाळत पडली होती, आणि घरात सासू एकटी होती.

तिला सगळे थोरलीच म्हणत. अठराव्या वर्षी ती या घरात थोरली सून म्हणून आली, आणि धाकटी यायला पुढे वीस वर्षं लागली, तरी ती पहिल्या दिवसापासून थोरली. दीर तेव्हा नऊ वर्षांचा होता. नाक पुसायचं भान नसलेल्या त्या पोराला तिने आल्या दिवसापासून ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हटलं, कारण तसंच म्हणायचं असतं. आणि त्याने तिला ‘तू’. “भाऊजी, तुम्ही चड्डी उलटी घातलीय,” असं ती अदबीने सांगायची आणि घरदार हसायचं. त्याला अक्षरं तिने गिरवायला लावली. लाल झालेलं फळ कुठलं नि नुसतंच लाली धरलेलं कुठलं, हेही तिनेच शिकवलं. अक्षरं त्याला आली, फळं काही आली नाहीत. त्याचा जीव इंजिनात होता.

घराच्या खालच्या उतारावर नऊशे झाडं होती. ती तिच्या नवऱ्याने लावलेली. लग्नानंतरच्या चार पावसाळ्यांत, एकेक खड्डा स्वतः खणून. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. वाळवणात फळं हलवता हलवता छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. सासरे त्यानंतर दोन वर्षं होते. जाण्याआधी त्यांनी जमिनीचा कागद धाकट्याच्या नावावर केला. “थोरलीला कोण घालवतंय घरातून?” असं म्हणाले. ते खरंच होतं. कुणीही घालवलं नाही. दीर लग्न करून गावात राहायला गेला. थोरली आणि सासू, दोघीच डोंगरावर राहिल्या. बाग तिची नव्हती एवढंच. तण काढणं, छाटणी, तोडणी, वाळवण, सगळं तिचं.

गेली पाच-सहा वर्षं बागेचं काही खरं नव्हतं. फुलोऱ्याचा पाऊस कधी महिनाभर आधी यायचा, कधी यायचाच नाही. वर्षातून एकदा फुलायची ती झाडं तीन-तीनदा फुलायची आणि एकाच फांदीवर कळी, हिरवं फळ आणि पिकलेलं फळ एकदम दिसायचं. तोडणी करायची तरी कधी? खोडकिडा आत शिरला होता. पानं उलटी केली की बोटाला नारिंगी भुकटी लागायची. म्हणून संस्थेने ऊन सोसणारी, तांबेऱ्याला दाद न देणारी नवी रोपं वाटायला काढली, तेव्हा थोरलीने दिराच्या मागे लागून लागून त्याची सही मिळवली. सहाशे रोपं आली. घराच्या वरच्या उतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत, तिने ती भर पावसात लावली. तळहाताच्या फोडासारखी जपली.

प्रशिक्षणाच्या दिवशी दीर चारच्या सुमाराला घरी आला.

“एवढ्यात सुटलं?” थोरलीने विचारलं.

“जेवणानंतर पुन्हा तेच ते असतं गं. मुद्द्याचं सगळं आधीच सांगितलं.” तो पायरीवर बसला. “वहिनी, आपलं कुठं चुकतंय माहितीय? सावली! दाट सावली झाली की ओल राहते, आणि ओल राहिली की तांबेरा. पडद्यावर मोठ्ठं पान दाखवलं. सावली कमी करा, बाई म्हणाल्या.”

“कमी करा म्हणजे फांद्या विरळ करायच्या ना?”

“कमी म्हणजे कमी. ही रोपं उन्हासाठीच बनवलीत.”

“पण भाऊजी, ती अजून गुडघ्याएवढीपण नाहीत. एवढ्याशा जिवाला…”

“तिथं मी बसलो होतो का तू?” तो रागाने नव्हता बोलला. हसतच बोलला. आतून सासू म्हणाली, “शिकून आलाय ना तो? मग ऐक की त्याचं.”

पुढच्या आठवड्यात तो दोन माणसं आणि यांत्रिक करवत घेऊन आला. वरच्या उतारावर चौदा मोठी झाडं होती, सासऱ्यांच्याही आधीची. दुपारपर्यंत अकरा पडली. थोरली त्या दिवशी दिवसभर घराबाहेर आली नाही. संध्याकाळी बाहेर आली तर वरचा उतार तिला ओळखूच येईना. डोळे दिपावेत इतकं आभाळ तिथं आलं होतं.

मग उन्हाळा आला.

उन्हाळे तिने पाहिले होते. असा पाहिला नव्हता. सकाळी आठलाच अंगणातल्या दगडावर पाय ठरेना. फुलोऱ्याचा पाऊस आला तो चार थेंब टाकून गेला. खालच्या रांगा त्या चार थेंबांवर फसून फुलल्या आणि दोन दिवसांत फुलं काळी पडून गळाली. वर रोपांची पानं कडेने तपकिरी होऊ लागली, जणू कुणी प्रत्येक पानाला काडी लावून विझवली असावी.

थोरलीने हात टेकले नाहीत. तिने ओढ्याकाठचे नेचे कापून आणले आणि प्रत्येक रोपाभोवती खोचले. नेचे एका दिवसात वाळून कुरकुरीत झाले. तिने पोती फाडली. चादरी फाडल्या. नवऱ्याचे दोन सदरे ट्रंकेत होते, तेही काठ्यांवर ताणून बांधले. घरात अंथरायला उरलं नाही तेव्हा दोघी जमिनीवर झोपू लागल्या. “निदान गार तरी लागतं,” सासू म्हणाली, आणि त्या उन्हाळ्यात ती एकदाच हसली.

पाण्याचं मात्र काही करता येईना. उताराच्या पोटातल्या झऱ्याखाली सिमेंटची लहानशी टाकी होती. एरवी ती भरून वाहायची. आता झरा करंगळीएवढा झाला होता. दिवसभरात टाकीत चाळीस डबे पाणी जमायचं. दोन हातांत दोन डबे, वीस खेपा. पंधराशे जिवांना चाळीस डबे. ती सगळ्यांना थोडंथोडं वाटायची, म्हणजे कुणालाच पुरायचं नाही.

पलीकडच्या उतारावरची शेजारीण निरोप घ्यायला आली. तिच्या हातात नुसती एक पिशवी होती.

“मुलाकडे चाललेय. माझं सगळं गेलं बघ. उगाच कशाला बघत बसायचं?”

“परत येशील ना पावसाळ्यात?”

“कशाला?” शेजारीण म्हणाली. तिने खरोखरच विचारलं होतं.

त्या संध्याकाळी थोरली दोन्ही उतारांच्या मधे, झऱ्याशी बसली. वर पाहिलं की रोपं दिसत होती. खाली पाहिलं की नवऱ्याची झाडं. खालची झाडं जगली तर पुढच्या वर्षी ओंजळभर का होईना फळ देतील. पण त्यांच्या खोडांत कीड होती, ती फार तर दोन-तीन वर्षं तग धरतील. वरची रोपं जगली तर चार वर्षं काही देणार नाहीत, पण त्यानंतर देतील. दोघांना पाणी द्यायचं म्हणजे दोघांनाही मारायचं. हे तिला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. कळूनही ती कुणाला तरी विचारायचं राहिलंय अशा थाटात वाट पाहत होती. दिराला विचारायचं म्हणजे त्याला नुसतं गोंधळात टाकायचं. सासूला विचारायचं म्हणजे आईला मुलाबद्दल विचारायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळीसच्या चाळीस डबे वर घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सासूच्या लक्षात आलं. ती पडवीत बसून सगळं बघत असे. म्हातारीचे गुडघे गेले होते, डोळे शाबूत होते.

“थोरले, खालच्या रांगांना पाणी नाही घातलंस.”

“नाही.”

“विसरलीस?”

“नाही, आई.”

म्हातारीने खालच्या रांगांवरून नजर फिरवली. मग तिने विचारलं, “कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही.”

“ती माझ्या लेकाची झाडं आहेत.”

थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं, की तो माझाही नवरा होता, खड्डे तो खणत होता तेव्हा माती मी उपसत होते, चौथ्या रांगेत मला दिवस गेले होते आणि सहाव्या रांगेत ते पोटातच गेलं. “हो,” एवढंच ती म्हणाली, आणि डबे उचलले.

त्या दिवसापासून सासूने तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या हातचं जेवणही टाकलं. भिंतीला धरत धरत चुलीशी जायची, आपलं आपण काहीतरी शिजवायची, आणि थोरली आत आली की तोंड फिरवायची. थोरली तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवी. तो रोज रिकामा व्हायचा, तेवढाच तिला दिलासा होता.

पाचव्या दिवशी भर दुपारी वरून उतरताना थोरलीला अंगणाच्या कडेला काहीतरी पडलेलं दिसलं. आधी वाटलं, वाळत घातलेलं कापड. मग ती धावली. सासू पहिल्या रांगेतल्या झाडाशी कलंडली होती. ओठ पांढरे पडले होते, अंग तापलेल्या पत्र्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. शेजारी तांब्या आडवा पडला होता. झाडाच्या बुंध्याशी माती ओली होती.

तेव्हा तिला कळलं, तांब्या रोज कुठे रिकामा होत होता.

तिने सासूला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत नेलं. कसं नेलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. दिराची बस येण्याची वेळ होती म्हणून बरं. त्याने आईला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जी दोन-चार माणसं बसमध्ये होती ती न सांगता उतरली. थोरली मागच्या सीटवर सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत राहिली.

तिसऱ्या वळणावर सीटखालून काहीतरी घसरत तिच्या पायाशी आलं. एक पुस्तिका होती. वर संस्थेचा शिक्का, आणि शीर्षक : ‘नव्या रोपांचा पहिला उन्हाळा’. तिने ती एका हाताने उघडली. आत चित्रंच चित्रं होती. पहिल्या पानावर दाट फांद्यांचं झाड, आणि एक माणूस शिडीवर चढून त्यातल्या थोड्या फांद्या काढतोय. दुसऱ्या पानावर एरंड आणि केळी यांच्या मधोमध बसलेलं एवढंसं रोप. तिसऱ्या पानावर पाण्याची बाटली, उलटी पुरलेली, तोंडात चिंधीची वात, ठिबकणारा थेंब. आणि चौथ्या पानावर एक माणूस मोठं झाड बुंध्यातून तोडत होता. त्या चित्रावर, पानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, लाल फुली मारलेली होती.

दवाखान्यात सासूला सलाईन लावलं. नर्स म्हणाली, “अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं.” मग दोघं व्हरांड्यात येऊन उभी राहिली. थोरलीने पुस्तिका चौथ्या पानावर उघडली आणि बाकावर ठेवली.

दिराने पाहिलं. पाहतच राहिला.

“शपथ सांगतो, सावली कमी करा असंच म्हणाल्या होत्या त्या.”

“कधी?”

“सकाळी. हे पुस्तक वाटलं तेव्हा.”

“आणि दुपारी?”

तो टॉवेलच्या दशा ओढत राहिला.

“तू होतास का रे तिथं शेवटपर्यंत?”

तोंडून गेल्यावर तिला ऐकू आलं की आपण त्याला ‘तू’ म्हणालो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यालाही ऐकू आलं. तो पस्तीस वर्षांचा माणूस शाळेतून पळून आलेल्या पोरासारखा भिंतीला टेकला.

“माझी दोनची फेरी होती, वहिनी.”

“किती माणसं होती गाडीत?”

“तीन,” तो म्हणाला. मग तोंडावर टॉवेल धरून त्याने खाली मान घातली.

थोरली रडली नाही. तिच्यात तेवढं पाणीच नव्हतं. ती म्हणाली, “उद्या बाटल्या लागतील. रिकाम्या. जितक्या मिळतील तितक्या.”

त्याने बस बंद ठेवली. स्टँडवरून, खानावळींमागून, कचऱ्यातून त्याने बाटल्या गोळा केल्या आणि आख्खी बस भरून आणल्या. गावातल्या नळाचं पाणी पिंपांतून रस्त्यापर्यंत आणलं. तिथून वर डोंगरावर दोघं डोक्यावरून वाहत. त्याच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, त्याने फडकी बांधली आणि पुन्हा डबे उचलले. दोघांमध्ये बोलणं असं होत नव्हतं. “ही रांग झाली.” “ती करा आता.” एवढंच. ‘तुम्ही’ पुन्हा आपल्या जागी गेलं होतं, पण पहिल्यासारखं ते बसलं नाही. दिराला प्रत्येक वेळी ते टोचायचं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

वात आणि बाटली लावलेली रोपं तग धरत होती. पण अर्ध्याहून जास्त रोपांना उशीर झाला होता. वरून ओढलं की ती तशीच हातात येत, मुळापाशी कोळसा झालेली. आणि खालच्या रांगा दिवसेंदिवस करड्या होत गेल्या. आधी पानं गेली, मग कोवळ्या फांद्या. वारा आला की त्यांचा आवाज बदलला होता. आधी सळसळायच्या, आता नुसत्या खडखडायच्या.

सासू बारा दिवसांनी घरी आली. बोलत नव्हतीच. पडवीत बसल्यावर तिने खाली एकदा पाहिलं आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

पाऊस आला तेव्हा खालच्या रांगांना तो नको होता. त्यानंतर महिन्याभराने प्रशिक्षणाच्या त्या चष्मेवाल्या बाई रोपांची पाहणी करायला आल्या. सोबत फॉर्मांची चळत होती. दीर त्यांना वर घेऊन गेला, थोरली मागून चालली. बाईंनी एकेक रोप मोजलं. दोनशे सदतीस.

“या भागात एवढी कुणाचीच राहिली नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण मोठी झाडं का तोडलीत? मी तर इतकं बजावून सांगितलं होतं.”

थोरली दिराकडे पाहत नव्हती. तो म्हणाला, “मी दुपारी निघून आलो होतो. झाडं मी तोडली. ही जी जगलीत ती हिने जगवलीत. मला काय विचारता, हिला विचारा.”

बाई थोरलीकडे वळल्या. मग त्यांनी विचारत राहावं आणि हिने सांगत राहावं असं तासभर चाललं. नेचे का टिकले नाहीत, कापड किती उंचीवर बांधलं, वात कशाची जास्त चालली, सुती की पोत्याची. खाली यायच्या वेळी बाईंनी वेगळं पान काढून त्यावर चित्रंसुद्धा काढून घेतली. हात झटकत त्या म्हणाल्या, “हे मला सगळीकडे सांगता येईल.” आणि फॉर्म पुढे घेतला. “आता नाव?”

“लिहा की हिचं,” दीर म्हणाला.

“इथं एकच रकाना आहे. जमीनधारक.” बाईंचा चेहरा पडला. “मी बदलू शकत नाही. कागदावर ज्याचं नाव, त्याचंच लिहावं लागतं.”

त्यांनी दिराचं नाव लिहिलं. दोनशे सदतीस रोपं जगवल्याबद्दल.

दीर त्यानंतर चार वेळा कचेरीत गेला. पाचव्या वेळी थोरलीला सोबत घेऊन गेला. जमिनीच्या कागदावर त्याच्या नावाखाली तिचं नाव चढलं. तिथल्या माणसाने विचारलं, “वाटणी का?” तर म्हणाला, “नाही. चूक दुरुस्ती.” परतीच्या वाटेवर त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला. आनंद व्हायला हवा होता. नवऱ्याने लावलेलं आता तिथं काही जिवंत उरलं नव्हतं, आणि पहिलं फळ हाती यायला अजून चार वर्षं होती. तोवर पोट भरायला ती पुढच्या सोमवारपासून संस्थेच्या गोदामात कॉफी निवडायला जाणार होती, दुसऱ्यांच्या बागांची. तिने कागदाची घडी घातली.

“वहिनी, काहीतरी बोल ना.”

“काय बोलू, भाऊजी? नाव बरोबर लिहिलंय त्यांनी.”

उघडीप मिळाली तशी दीर म्हणाला, खालच्या रांगांना माणसं लावतो, एका दिवसात काढून होईल. थोरली म्हणाली, नको. यंत्र नको, माणसं नकोत. रविवारी सकाळी तिने हातकरवतीला तेल लावलं आणि एकटीच उतरली. सगळ्यात खालच्या रांगेपासून सुरुवात करायची असं तिने ठरवलं होतं, म्हणजे घरातून दिसणार नाही.

पहिल्या खोडाला ती करवत लावणार तोच वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. सासू येत होती. चालत नव्हती, बसून, हातांवर रेटत, पायरी-पायरीने उतारावरून सरकत येत होती. गेल्या सात-आठ वर्षांत ती पहिल्या रांगेच्या खाली उतरली नव्हती. थोरली धावत वर जायला निघाली तर तिने हात वर करून थांबवलं.

तिला तिथवर यायला अर्धा तास लागला. गुडघे सोलवटले होते. झाडाजवळ येऊन ती बसली, दम घेतला, आणि अंगठ्याच्या नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. तिने खाली, मुळाजवळ खरवडलं. तिथंही नव्हतं. मग सरकत शेजारच्या झाडाकडे गेली, त्याची साल काढली. मग त्याच्या शेजारच्या. सात झाडं तिने तशी पाहिली. थोरली करवत हातात धरून उभी होती.

म्हातारी परत पहिल्या झाडाशी आली. दोन्ही हातांनी खोड धरलं.

“चल,” ती म्हणाली. किती महिन्यांनी तिचा आवाज थोरलीच्या कानावर पडला होता.

थोरली गुडघ्यावर बसून कापू लागली. भुसा दोघींच्या पायांवर पडत राहिला. मधेच सासू म्हणाली, “सरळ धर. तिरकी जातेय.”

थोरलीने करवत सरळ केली. थोड्या वेळाने खोड सुटलं. किडीने आतून पोकळ झालेलं ते खोड अगदी हलकं होतं. म्हातारीने एका हाताने ते बाजूला ठेवलं आणि पुढच्या झाडाकडे सरकली.